तिसऱ्या मिलचा आवाज

सोलापुरात मे महिन्यात ब्लेझर घालणारा माणूस मी एकच पाहिला. भोगावकर सर, आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर. बाहेर डांबर चपलेला चिकटत असायचं, आम्ही बाकीचे ओला रुमाल मानेवर टाकून बसलेलो असायचो, आणि सरांचा निळा ब्लेझर खुर्चीच्या पाठीवर तयारीत असायचा. गेटवर गाडीचा आवाज आला की सर आधी ब्लेझर चढवायचे आणि मग खिडकीतून बघायचे. बहुतेक वेळा तो पाण्याच्या जारचा टेम्पो असायचा. मग ब्लेझर पुन्हा खुर्चीवर. कंपन्या आमच्याकडे क्वचित यायच्या, आणि एकदा आलेली सहसा परत यायची नाही.

मी मेकॅनिकलला थर्मल इंजिनिअरिंग शिकवते. सरांची केबिन माझ्या टेबलासमोरच, मध्ये काचेचं पार्टिशन. त्यामुळे काही वर्षं हा माणूस मला रोज दिसला आणि रोज ऐकूही आला. लांबून माणूस मोठा वाटतो म्हणतात. माझ्या वाट्याला ते लांबचं अंतर कधी आलंच नाही. आता ते पुण्याकडच्या एका मोठ्या कॉलेजात डीन झाले आहेत. पाटीवर इंडस्ट्री हा शब्दही आहे म्हणे. मला मुळीच नवल वाटलं नाही.

मुलं मागून त्यांना एक्स्पोजर सर म्हणायची, कारण तो शब्द त्यांच्या तोंडी सुपारीसारखा असायचा. पहिल्या वर्षाच्या मुलांचं स्वागत करताना ते माईक हातात घेऊन सांगायचे की बाळांनो, पदवी हातात पडेपर्यंत थांबू नका, त्याआधीच अनुभव मिळवा. इतपत ठीक होतं. कुठलाही शहाणा माणूस हेच सांगेल. पण सर तिथे थांबत नसत. पुढे ते आवाज उतरवून, घरातलं गुपित सांगावं तसं म्हणायचे, "काम काय, गाढवही करतं. अनुभव असून उपयोग नाही. अनुभव सांगता आला पाहिजे." पालक सभेला मंद्रूपहून, मोडनिंबहून, कुठून कुठून आलेले बाप टोप्या मांडीवर घेऊन हे ऐकायचे आणि माना डोलवायचे. आपल्या पोराला इतका थोर माणूस मिळाला, या समाधानात ते परतीची एसटी गाठायचे. मला त्या बापांची दया यायची आणि सरांची किळस.

अनुभवाच्या नावाने आमच्याकडे जे चालायचं, त्यातली पहिली वस्तू म्हणजे पिवळी हेल्मेटं. सरांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात ती गोणीत भरून ठेवलेली असायची. वर्षातून एकदा बस निघायची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एखाद्या कारखान्याच्या गेटसमोर ती थांबायची. परवानगी मिळालेली असायची ती बहुधा गेटपर्यंतचीच. मुलं खाली उतरायची, गोणी सुटायची, हेल्मेटं डोक्यावर चढायची, कारखान्याच्या पाटीखाली फोटो व्हायचा. सर मधोमध, ब्लेझरमध्ये, हात लांब करून आतल्या शेडकडे काहीतरी दाखवताना. एकदा तिथला म्हातारा वॉचमन बराच वेळ हे बघत उभा होता. शेवटी न राहवून त्याने सरांना विचारलं, "साहेब, हितं तर टावेल विणतेत. डोस्क्यावर काय टावेल पडणार हाय का?" मुलं फिस्सकन हसली. सर मात्र हसले नाहीत. सेफ्टी कल्चर नावाची गोष्ट असते, असं त्यांनी त्याला समजावून सांगितलं, आणि बस पुढे अक्कलकोटला गेली. दर्शन झालं, अन्नछत्रात सगळे पोटभर जेवले. येताना वाटेवर केळी स्वस्त मिळाली, ती हेल्मेटांत भरून आणली. त्या हेल्मेटांनी जन्मात केलेलं सगळ्यात जड काम तेच असावं. कॉलेजच्या अहवालात ही सहल औद्योगिक भेट म्हणून छापून आली.

दुसरी गोष्ट हुरड्याची. आमच्या भागात जानेवारीत ज्वारी कोवळी असते तेव्हा शेतात हुरड्याला बोलावणं हा मोठा मान. सरांनी तो मान इंडस्ट्रीला द्यायचं ठरवलं. आमच्या संस्थेच्या सचिवांच्या शेतात मांडव पडायचा, पुण्याहून एचआरची माणसं गाड्या करून यायची. मग आमची अंतिम वर्षाची मुलं आगटीभोवती बसून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणसं भाजायची, गरम कणसं तळहातावर चोळून दाणे काढायची, आणि ते दाणे शेंगाचटणी, गूळ, दही यांच्यासोबत पाहुण्यांच्या पुढ्यात ठेवायची. हात पोळून लाल व्हायचे. पाहुणे म्हणायचे, किती गोड आहेत हो इकडची मुलं. जाताना त्यांना चादरी मिळायच्या. मुलांना काय मिळायचं, तर इव्हेंट मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र. मेकॅनिकलच्या मुलांना, हुरडा भाजल्याचं. त्या पाहुण्यांपैकी एकाही माणसाने कधी एकाही मुलाला साधा फोन केल्याचं माझ्या कानावर नाही.

अशाच एका हुरड्याला, दुपारी पाहुण्यांच्या गाड्या गेल्यावर, सर आगटीजवळ एकटे बसले होते. ब्लेझरवर राख पडली होती. मी समोर बसले, तेव्हा ते आपण होऊन बोलायला लागले. तरुणपणी कुर्डुवाडीला एका पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी वर्षभर काम केलं होतं. खरं काम, हात काळे करून. पुढे मुंबईत मुलाखतीला गेले. पंपाविषयी विचारलं तर सगळं येत होतं, पण इंग्रजीत तोंडच उघडेना. शेजारी बसलेल्या पोराने पाना कधी हातात धरला नव्हता. पण तो बोलला आणि नोकरी त्याला लागली. "मॅडम, त्या दिवशी मला कळलं," सर निखारे काडीने सारत म्हणाले, "जगात पंप विकला जात नाही. पंपाविषयीचं बोलणं विकलं जातं."

मला त्यांच्याविषयी वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण घरी जाईपर्यंत ते वाईट वाटणं उतरलं आणि राग उरला. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला माफ करता येतं. या माणसाला खरं काम काय असतं ते ठाऊक होतं. नोकरी त्या खोट्या पोराने नेली होती, आणि यांनी काय ठरवलं, तर आपण तसली पोरं तयार करायची. घाऊक.

विद्यापीठाने अंतिम वर्षाआधी इंटर्नशिप सक्तीची केली, तेव्हा सरांना पर्वणीच आली. तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली की जून महिन्यात मुलांनी कुठेतरी काम करायचं, असा तो नियम. आपल्या जिल्ह्यात पावलोपावली साखर कारखाने. सरांनी एका कारखान्याच्या ऑफिसात ओळख काढली, आणि वर्गातल्या बहुतेक मुलांची इंटर्नशिप कागदावर पार पडली. मुलं जूनभर घरीच होती. कुणी शेतात, कुणी लग्नकार्यात, कुणी मोबाइलवर.

एकच मुलगी खरोखर गेली. अश्विनी शिवशरण, मंद्रूपची. तिचे वडील ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. सीझनमध्ये ते कारखान्याच्या यार्डात रांगेत असतात, त्यामुळे गेटवरची माणसं ओळखीची. त्यांनी चीफ इंजिनिअरना गाठून सांगितलं की पोरगी शिकतीय, तिला आत येऊ द्या. ते गृहस्थ म्हणाले, येऊ दे, पण इथे खुर्ची मिळणार नाही. ती गेली. महिनाभर फिटर लोकांच्या मागे फिरली. कारखाना तेव्हा बंद असतो आणि सगळी यंत्रं खोललेली असतात. आधी तिला झाडायला लावलं, मग ग्रीस पुसायला, मग एके दिवशी पाना धरायला. परत आली तेव्हा नखांत काळं होतं आणि माझ्या तासाला प्रश्न विचारायला लागली होती. बॉयलरवरचे माझे जुने तास मला नव्याने तयार करावे लागले, याचा मला आनंद झाला. ती म्हणायची, "मॅडम, मला मशीनवरच नोकरी पायजे. कम्प्युटरसमोर बसून लोकांचे फोन घ्यायचे असले तर हे कशाला शिकले मी?"

आमच्याकडे मुलींना यंत्राजवळ घेणाऱ्या कंपन्या जवळपास येतच नसत. त्या वर्षी एक येणार होती. पुण्याची, बॉयलर आणि पंप बनवणारी. तीही शॉपफ्लोअरसाठी माणसं घ्यायला. अश्विनीने दिवाळीची सुट्टी त्या तयारीत घालवली. बाकी कुठल्याही कंपनीचं नाव काढलं की ती नुसती मान हलवायची. तिच्यापुरती हीच एक संधी होती, हे सगळ्या डिपार्टमेंटला माहीत होतं.

सरांनीही तयारी सुरू केली, त्यांच्या पद्धतीने. सेमिनार हॉलमध्ये मुलांना बसवलं आणि इंटर्नशिपचा अनुभव इंग्रजीत लिहून दिला. मी मागे हजेरी घेत उभी होते, म्हणून तो मला जवळजवळ पाठ आहे, असा: गाळप जोरात चालू होतं. अचानक ऊस पिळणाऱ्या तिसऱ्या मिलच्या बेअरिंगमधून मला वेगळा आवाज आला. मी ताबडतोब फोरमनना सांगितलं. मिल थांबवली, मोठं नुकसान टळलं, चीफ इंजिनिअरनी माझी पाठ थोपटली. पाठ थोपटण्याच्या वाक्यावर सरांनी स्वतःच मान डोलावली. मग म्हणाले, पाठ करा, आरशासमोर म्हणा, हातवारे करा.

माझ्या पुढच्याच बाकावर संकेत बसला होता, मोडनिंबचा. घरचा ऊस, दरवर्षी कारखान्याला जाणारा. मी त्याला हळूच विचारलं की तुमचा ऊस जूनमध्ये कुणी नेतं का रे. तो म्हणाला, "न्हाय मॅडम. मार्चातच पट्टा पडतोय, कारखाना बंद." मग हे कसलं गाळप लिहायलास, म्हटलं. त्याने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सरांनी सांगितलंय की," तो म्हणाला आणि पुढचं वाक्य लिहायला लागला. हॉलमधली निम्मी मुलं उसाच्या शिवारातली होती. कारखान्याचं धुराडं कधी पेटतं आणि कधी विझतं हे त्यांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. तरी सगळ्यांच्या वहीत जूनमध्ये गाळप चालू होतं. सरांचा राग येतो तितकाच मला या पोरांचाही येतो. डोळ्यांनी पाहिलेलं खोडून कानाने ऐकलेलं लिहायला इतकी वर्षं कॉलेजात यावं लागत नाही.

मी सरांना केबिनमध्ये जाऊन सांगितलं की साखर कारखाना जूनमध्ये बंद असतो. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही थर्मल बघा, बाकी मी बघतो. तेवढ्यात अश्विनी दारात आली. तिने विचारलं, तिने स्वतः जे केलं ते सांगितलं तर चालेल का.

"काय केलंस?" सरांनी विचारलं.

तिने सांगितलं. रोलर खोलले तेव्हा ती होती. बॉयलरच्या नळ्या साफ केल्या. बेअरिंग धुतली.

सरांनी कपाळाला हात लावला. "अगं ही हमाली झाली. मुलाखतीत हमाली सांगतात का? लिहून दिलंय ते म्हण."

"पण सर, जूनमध्ये कारखाना बंद असतोय. बाबा घरी असतेत की जूनमध्ये."

"पुण्याच्या माणसाला तुझे बाबा कधी घरी असतात ते काय माहीत?"

त्यावर ती वळून निघाली. सर समजले की प्रश्न मिटला.

कंपनीकडून आलेल्या साहेबांचं नाव मोहिते. बारीक अंगाचा, पन्नाशीचा, साध्या शर्टातला माणूस. सर ब्लेझर घालून गेटपर्यंत धावले, गुलाब दिला, शेंगाचटणीचा पुडा दिला. साहेबांनी पुडा ड्रायव्हरकडे दिला आणि मुलाखती कुठे आहेत ते विचारलं. खोलीत डिपार्टमेंटचं एक माणूस बसावं असं त्यांनी म्हटल्यावर मी बसले. सरांना त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं.

पहिल्या मुलाला तिसऱ्या मिलमधून वेगळा आवाज आला. साहेबांनी कौतुकाने लिहून घेतलं. दुसऱ्यालाही आला. साहेबांनी मान वर केली. तिसरा आत आला, बसला, आणि कुणी काही विचारायच्या आधीच त्यालाही तो आवाज आला. चौथ्याला साहेबांनी शांतपणे विचारलं, "तिसऱ्याच मिलमधून का?" मुलगा म्हणाला, हो सर. मग हातवारे करून त्याने मिल थांबवली. मला टेबलाखाली जावंसं वाटत होतं. त्यानंतर साहेबांनी लिहिणं बंद केलं. संकेत आला तेव्हा त्यांनी मराठीत विचारलं की हे कुठल्या महिन्यातलं. संकेत म्हणाला, जून. "जूनमध्ये गाळप चालू होतं?" "येस सर." साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. "मी कराडकडचा आहे," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "माझ्या वडिलांचा जन्म उसात गेला." मी खाली बघितलं. संकेतने पुढे मिल थांबवलीच, कारण त्याचं पाठांतर तिथपर्यंत होतं.

संकेत बाहेर गेला आणि बातमी फुटली. दार अर्धवट उघडं होतं, सरांचा दबका आवाज मला आत ऐकू येत होता. जून विचारलं तर म्हणा यंदा सीझन लांबला होता. उरलेल्या मुलांनी तसं सांगितलं. साहेब नुसते हूं म्हणत गेले. शेवटी अश्विनी राहिली. तिला आत सोडताना मुलं तिच्याभोवती गोळा झालेली मला दिसली. कुणीतरी म्हणालं, अशू, सांभाळून घे गं, आमचं सगळ्यांचं हाय.

ती बसली. फाइल मांडीवर ठेवली. साहेबांनी थकलेल्या आवाजात विचारलं, "तुलाही तो आवाज आला का?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. दाराकडे मात्र एकदा बघितलं. सीझन लांबला होता, एवढे तीनच शब्द. ते म्हटले असते तर बाहेरचे सगळे वाचण्याची थोडी तरी शक्यता होती, निदान त्यांना तसं वाटत होतं. तिलाही ते कळत होतं, तिच्या चेहऱ्यावर दिसलं मला. मग ती म्हणाली,

"न्हाय सर. काहीच आवाज नव्हता. कारखाना बंद होता."

साहेब पुढे सरकून बसले. मग काय केलंस, त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, आधी अडखळत इंग्रजीत, मग सरळ मराठीत. मुलाखत लांबली. रोलर कसा उचलतात, बेअरिंगमध्ये काय दिसलं, कुणी काय शिकवलं. एका प्रश्नाला ती म्हणाली की हे मला माहीत न्हाय, मी तिथं फक्त पुसत होते. साहेब पहिल्यांदा हसले. मला वाटलं, झालं, मिळाली हिला नोकरी.

ती गेल्यावर त्यांनी सगळी फाइल मिटली. मी विचारलं, निदान हिला तरी घेताय ना. त्यांनी पेन खिशाला लावलं. मग म्हणाले, "मॅडम, वर जाऊन मला सांगावं लागणार की या कॉलेजातली इंटर्नशिप खोटी आहे. मग त्याच कॉलेजातून एकीला घेतलं, हे कसं सांगू? ती खरं बोलली हे मला पटलंय. तिथल्यांना कसं पटवू?" त्यांना वाईट वाटलं होतं. पण त्यांच्या वाईट वाटण्याने तिचं पोट भरणार नव्हतं. गाडी गेली. सर ब्लेझरमध्ये गेटवर हात हलवत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्राचार्यांना सांगितलं की एका विद्यार्थिनीच्या बेजबाबदार उत्तरामुळे कंपनी गेली. मुलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. कॅन्टीनमध्ये ती आली की टेबल रिकामं व्हायचं. सोळा आणे खोटं बोललेली पोरं दुखावलेली होती, आणि ती मान खाली घालून वडापाव खायची. एकदा माझ्या टेबलापाशी येऊन तिने विचारलं, "मॅडम, माझं चुकलं का?" मी म्हटलं, मुळीच नाही. "मग नोकरी का न्हाय मिळाली?" तिने विचारलं. पार्टिशनपलीकडे सर फोनवर कुणाला तरी गुड मॉर्निंग, सोलापूर हिअर, असं सांगत होते.

तिनेच स्वतःची वाट काढली. कारखान्याच्या त्याच चीफ इंजिनिअरना भेटायला गेली. त्यांनी एवढंच विचारलं की परीक्षा कधी संपते. उन्हाळ्यात मिल पुन्हा खोलायच्या होत्या आणि पाना कुठे ठेवलेला असतो हे हिला आधीपासून माहीत होतं. ती ट्रेनी म्हणून लागली. पुण्याची मोठी कंपनी नव्हती, पगारही बेताचा. पण मशीनवरची नोकरी होती, आणि मिल हाऊसमध्ये शिफ्ट करणारी ती तिथली पहिलीच मुलगी.

हे कळल्यावर महिना उलटायच्या आत कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला. अश्विनीचा फोटो, हेल्मेट घातलेला. शेजारी सरांचा फोटो, तिच्या दुप्पट. खाली लिहिलं होतं, आमच्या मार्गदर्शनाचे फळ. ते हेल्मेट गोणीतलं होतं. तिचा जुना सहलीचा फोटो शोधून काढला होता. फ्लेक्स बघून मी घरी गेले आणि त्या दिवशी स्वयंपाक करताना भांडी जरा जास्तच आपटली.

मग सरांनी तिला बोलावलं. नव्या बॅचला मार्गदर्शन करायला. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली, शिफ्ट बदलून. साधा पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले. स्टेजवर बसायला सरांनी आपल्या शेजारची खुर्ची दिली आणि शाल घातली. ती मला म्हणाली होती की मॅडम, त्यांच्यासाठी न्हाय आले, पोरांसाठी आलेय.

ती फार बोलली नाही. पण आमच्या त्या सेमिनार हॉलमध्ये, जिथे मोबाइलची कुजबुज कधी थांबत नाही, तिथे मुलं ऐकत होती. ती म्हणाली, पदवीच्या आधी काम करा म्हणतेत, ते खरं हाय, पण कुणी पत्र देईल म्हणून थांबू नका. गेटवर जाऊन उभं रहा. पहिल्यांदा हाकलतील. पुन्हा जा. झाडायला लावतील, तर झाडा, झाडताना सगळं जवळून बघायला मिळतंय. न्हाय येत ते न्हाय येतंय म्हणा. मग ती म्हणाली, "पयल्या दिवशी मी मिल हाऊसमध्ये गेले तर काहीच आवाज नव्हता. एवढी मोठी जागा, नुसती कबुतरं. मला भ्या वाटलं. पण बंद होतं म्हणूनच मला आतलं सगळं दिसलं." पुढच्या बाकावरच्या एका मुलीने वही बाजूला ठेवून दिली होती आणि हनुवटीखाली हात घेऊन ती बघत होती. इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये पहिल्यांदा कुणीतरी अनुभवाविषयी खरं बोललं, असं मला वाटलं.

टाळ्या झाल्या. सर उठले, माईक हातात घेतला, अश्विनीचे आभार मानले. डोळ्यांत पाणी आल्यासारखं त्यांनी केलं, की खरंच आलं, देव जाणे. मग ते मुलांकडे वळले.

"वह्या काढा सगळ्यांनी," ते म्हणाले. "हे फार सुंदर आहे. लिहून घ्या. मी मिल हाऊसमध्ये पाऊल टाकलं, तेव्हा तिथे पूर्ण शांतता होती."

इंग्रजीत सांगितलं, सावकाश, दोनदा. पानं उलटल्याचा आवाज झाला. मागून एका मुलाने हात वर केला.

"सर, कबुतरं पण लिहायची का?"

"कबुतरं लिहा," सर म्हणाले. "कबुतरांनी खरं वाटतं."

अश्विनी खुर्चीतून अर्धवट उठली होती. शाल खांद्यावरून घसरली होती, ती तिने सावरली नाही. "सर," ती म्हणाली, माईकशिवाय, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "ह्यातलं कारखान्यात कोण जाणार हाय?"

सरांनी तिच्याकडे वळून बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टा नव्हती, खोटेपणाही नव्हता. खरोखरचं आश्चर्य होतं.

"आता कुणी जायची काय गरज?" ते म्हणाले. "तू जाऊन आलीस की."

आणि मुलांकडे वळून त्यांनी पुढचं वाक्य सांगायला घेतलं.